फिल्म वाळताना

२ जुलै २०२४, मंगळवार

पालख्या आज सकाळी पुण्यातून पुढे निघाल्या. रस्ते मोकळे व्हायला वेळ लागला, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत दुपार झाली. खोलीत तापमान २५ अंश, आर्द्रता ८५ टक्के.

पॉलिमरवर काम करणाऱ्यांत एक अलिखित नियम असतो: पावसाळ्यात उघड्यावर फिल्म टाकायच्या नाहीत. पॉलिमर द्रावकात विरघळवायचं, द्रावण काचपट्टीवर पसरायचं, द्रावक उडून गेलं की मागे पातळ, पारदर्शक थर उरतो. एप्रिलमध्ये हे सहज जमतं. जुलैमध्ये तीच फिल्म पांढुरकी होते, म्हणून लोक बंद पेटीत कोरड्या नायट्रोजनखाली काम करतात. यंदा एका एमएस्सीच्या विद्यार्थिनीच्या प्रकल्पासाठी मी मुद्दाम हाच महिना निवडला. विषय असा: पॉलिमरच्या द्रावणाचा पातळ थर वाळताना त्यात आपोआप नक्षी उमटते, ती कशी?

तिला पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं की तयार फिल्म सगळेच बघतात, आपण वाळत असलेली फिल्म बघायची. नक्षी ठरते ती त्या एक-दोन मिनिटांत. नंतर आपल्या हाती येतो तो फक्त निकाल.

क्लोरोफॉर्ममध्ये दोन टक्के पॉलिस्टायरिन. माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा पंप आणला, त्याची हवा पाण्याच्या बाटलीतून नेली आणि ती दमट हवा नळीने काचपट्टीवर सोडली. सगळं फ्यूम हूडमध्ये. उद्यापासून कामाला सुरुवात.

४ जुलै, गुरुवार

आज सूक्ष्मदर्शकाखाली एक फिल्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाळताना पाहिली. पाहिलं तसं लिहून ठेवते.

आधी काहीच दिसत नाही, नुसता चकाकता पृष्ठभाग. मग एकाएकी तो मळकट होतो. भिंग नीट जुळवलं की कळतं, हे बारीक थेंब आहेत, पाण्याचे. ते वाढतात, आणि सगळे जवळजवळ एकाच मापाने वाढतात. सुटे सुटे तरंगतात, मग टोळकी करतात, टोळकी एकमेकांना येऊन मिळतात. जागा संपत आली की प्रत्येक थेंबाभोवती सहा थेंब येऊन बसतात. हालचाल थांबते. थोड्या वेळाने एकेका वर्तुळाचा काळा कडेपट्टा बदलतो. पाणी उडून गेलेलं असतं आणि तिथे भोक उरलेलं असतं. काचपट्टी तिरपी धरली तर पांढुरकेपणात हिरवा-जांभळा रंग खेळतो. इतकी शिस्तशीर रचना कोणी कोरलेली नाही, कुठलाही साचा वापरलेला नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहताना आनंदाने छाती भरून येते.

कारण उघड आहे, पण त्यातले आकडे बोलके आहेत. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतं, खोलीच्या तापमानालाही झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातं. आमच्या तापमापकाची बारीक तार थरात बुडवली तेव्हा आकडा १५ अंशांच्या आसपास उतरला. २५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे २२ अंश असतो. म्हणजे पृष्ठभाग तीनच अंश गार झाला तरी हवेतली वाफ त्यावर दव होऊन बसते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी, ३८ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना, दवबिंदू ७ अंशांजवळ असतो. तेव्हा दव धरायला पृष्ठभागाला तीसएक अंश खाली जावं लागेल. एप्रिल आणि जुलै यांतला सगळा फरक एवढ्यात आला.

५ जुलै, शुक्रवार

विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, थेंब एकमेकांत मिसळून मोठे का होत नाहीत?" प्रश्न अगदी मर्मावरचा.

उत्तर दोन भागांत आहे. पाणी आणि क्लोरोफॉर्म जिथे भिडतात तिथे पॉलिमर गोळा होतं आणि थेंबाभोवती पातळ कवच धरतं. शिवाय थंड पृष्ठभागावर प्रवाह चालू असतात, ते दोन थेंबांच्या मधला थर सहजी निचरू देत नाहीत. तोवर द्रावण घट्ट होत जातं आणि थेंब आहेत तिथे अडकतात.

काचेवर फुंकर मारली की धुकं धरतं, त्याचा अभ्यास जुना आहे. जॉन एटकेन यांनी १८९० च्या दशकात तो केला. लॉर्ड रॅले यांनी १९११ मध्ये 'नेचर'मध्ये त्यावर लिहिलं. पण ते धुकं क्षणात विरून जायचं. ते पॉलिमरमध्ये कायमचं पकडलं गेलं १९९४ साली, स्ट्रासबर्गमध्ये. विदाव्स्की, राविसो आणि फ्रान्स्वा यांनी ताऱ्यासारख्या फांद्या असलेलं पॉलिस्टायरिन कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवलं, त्यावर दमट हवा सोडली, आणि मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी रचना असलेल्या फिल्म मिळवल्या. पुढे जपानमध्ये होक्काइदो विद्यापीठातल्या मासात्सुगु शिमोमुरा यांच्या गटाने अशा सच्छिद्र फिल्मवर सजीव पेशी वाढवल्या. 

आमच्याकडे साध्या पॉलिस्टायरिनमध्ये भोकं लहान-मोठी येतात. साखळीच्या टोकाला कार्बोक्सिल गट असलेलं पॉलिस्टायरिन वापरलं तर रांगा सुधारतात. टोकाचा तो गट पाण्याकडे ओढ घेतो, त्यामुळे थेंबाभोवतीचं कवच लवकर आणि पक्कं धरतं. लांबच लांब साखळीच्या एका टोकावरचे मोजके अणू सगळ्या फिल्मची शिस्त बदलतात!

८ जुलै, सोमवार

दिवसभर संततधार. भिंतीसुद्धा ओल्या लागताहेत. आमच्या कामाला हवा तसा दिवस.

सच्छिद्र फिल्ममधून लाल लेझर पॉइंटर सोडला. एक मीटरवरच्या पांढऱ्या कागदावर मधल्या ठिपक्याभोवती प्रकाशाचं एक कडं उमटलं. त्याची त्रिज्या २५ सेंटीमीटर भरली. पॉइंटरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर. त्यावरून भोकांच्या दोन ओळींतलं अंतर २.७ मायक्रोमीटर येतं, आणि षटकोनी मांडणी धरली तर शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर ३ मायक्रोमीटरच्या थोडं वर. सूक्ष्मदर्शकाखालचं मोजमाप याच्याशी जुळलं. फिल्मच्या अगदी लहान तुकड्यावर लेझर नेमका पाडला तर कड्याच्या जागी सहा ठिपके सुटे दिसतात. मोठ्या भागात षटकोनांचे वेगवेगळे पट्टे वेगवेगळ्या दिशांना वळलेले असतात, म्हणून सगळे ठिपके मिळून कडं होतं. कागदावरचे ते सहा ठिपके दिसले तेव्हा विद्यार्थिनी टाळी वाजवून उठली.

द्रावक बदलून पाहिलं. क्लोरोफॉर्मची घनता १.४९, म्हणजे पाण्याचे थेंब त्यावर तरंगतात आणि भोकांचा एकच थर मिळतो. टोल्यूइनची घनता ०.८७, त्यात थेंब बुडतात आणि वर नव्या थेंबांना जागा होते. मोहन श्रीनिवासराव आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'सायन्स'मध्ये नेमकं हे दाखवलं होतं: पाण्याहून हलकं द्रावक घेतलं की भोकांचे थरावर थर रचले जातात आणि त्रिमितीय रचना तयार होते. आमचं टोल्यूइन मात्र १११ अंशांना उकळणारं, त्यामुळे हळू उडतं आणि पृष्ठभाग कमी गार होतो. पंपाचा वेग वाढवला तेव्हा कुठे थेंब धरू लागले.

११ जुलै, गुरुवार

शेजारच्या घरी फर्निचरचं पॉलिश चालू आहे. संध्याकाळी परतताना मिस्त्रीकाकांशी बराच वेळ बोलणं झालं.

लाकडावर ते नायट्रोसेल्युलोजचं लॅकर गनने मारतात. लॅकर म्हणजे थिनरमध्ये विरघळलेलं पॉलिमरच. मी मुद्दाम विचारलं, पावसात काय होतं? म्हणाले, "ताई, पावसात पॉलिश पांढरं पडतं. थिनर उडतं तसं लाकूड गार पडतं आणि हवेतलं पाणी धरतं. हात लावून बघा." मी नुकत्याच मारलेल्या फळीच्या कडेपाशी हाताची मागची बाजू नेली, खरंच गारवा जाणवला. कपाटाच्या एका दारावर धुरकट पांढरा डाग आला होता. काकांनी गनमध्ये वेगळं, हळू उडणारं थिनर भरलं, त्याचा अगदी हलका फवारा डागावर मारला आणि थांबले. आमच्या डोळ्यांदेखत डाग विरत गेला आणि खालचे सागाचे रेशे पुन्हा दिसू लागले.

"कोरड्या दिवशी असलं काही लागत नाही," काका म्हणाले. "पावसात मात्र हळू वाळणारं थिनर मिसळूनच मारायचं. आणि सकाळी लवकर नाही, ऊन वर आल्यावर."

प्रयोगशाळेतली सगळी भौतिकी या दोन वाक्यांत आहे. हळू उडणारं द्रावक मिसळलं की पृष्ठभाग दवबिंदूखाली जात नाही. गेलाच, तर पाणी उडून गेल्यावरही द्रावक मागे उरतं, पॉलिमर ओलसर राहतं आणि भोकं आपली आपण भरून येतात. पांढरा डाग म्हणजे प्रकाश विखुरणारी बारीक भोकंच, आमच्या पोळ्यातल्यासारखी, फक्त बेशिस्त. डाग विरताना मी पाहत होते ते भोकं बुजणं होतं. आम्ही जे मिळवायला धडपडतो तेच काकांना टाळायचं असतं, आणि दोघांच्याही हातात नियंत्रणाचं साधन एकच: वाळायला लागणारा वेळ. काकांनी हे ज्ञान वर्षानुवर्षांच्या पावसांतून मिळवलं आहे. विद्यार्थिनीला उद्या त्यांच्याकडे घेऊन जाणार.

१५ जुलै, सोमवार

आज दव नको होतं. पेटीत सिलिका जेल ठेवून हवा कोरडी केली आणि दुसऱ्या नक्षीकडे वळलो.

रंगाच्या दुकानातून सिल्व्हर पावडर आणली. ही ॲल्युमिनियमची पूड असते, तिचे कण चपटे. टोल्यूइनमधल्या पॉलिस्टायरिनच्या द्रावणात चिमूटभर मिसळली आणि पेट्री डिशमध्ये सुमारे एक मिलिमीटरचा थर ओतला. अर्ध्या मिनिटात सगळा पृष्ठभाग कप्प्याकप्प्यांत विभागला गेला. चमकते मध्य, काळसर कडा, बहुतेक कप्पे पंचकोनी किंवा षटकोनी. एका कप्प्यावर भिंग धरून बसलो. चकचकीत कण मध्यातून वर येतो, पृष्ठभागावरून कडेकडे सरकतो, कडेला उभा होतो आणि खाली बुडी मारतो. काही सेकंदांनी पुन्हा मध्यात. डिशवर काचेचं झाकण ठेवलं की सगळं मंदावतं आणि थांबतं. झाकण काढलं की कप्पे पुन्हा जिवंत होतात. बाष्पीभवनच हे यंत्र चालवतं याचा याहून सोपा पुरावा नाही.

आन्री बेनार यांनी १९०० साली पॅरिसमध्ये देवमाशाच्या मेणाचा पातळ थर खालून तापवून असेच षटकोन पाहिले. रॅले यांनी १९१६ मध्ये त्याचं गणित मांडलं: खालचं गरम द्रव हलकं होऊन वर येतं. चाळीसएक वर्षं सगळ्यांनी बेनारचे षटकोन असेच समजावून सांगितले. १९५८ मध्ये पिअर्सन यांनी दाखवलं की इतक्या पातळ थरात वजनाचा फरक पुरेसा नसतो, खरं काम पृष्ठताणाचं. पृष्ठभाग जिथे जरा गरम तिथे ताण कमी, जिथे गार तिथे जास्त. जास्त ताणाची जागा कमी ताणाच्या जागेवरचं द्रव ओढून घेते. ओढलेल्या द्रवाची जागा भरायला खालून गरम द्रव वर येतं, आणि चक्र चालू राहतं. पिअर्सन यांच्यासमोरचं एक उदाहरण वाळणाऱ्या रंगाच्या थराचं होतं. तिथे खालून कोणी तापवत नाही, वरून द्रावक उडाल्याने पृष्ठभाग गार होतो. थराच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. पुढे १९७१ मध्ये अपोलो १४ च्या अंतराळवीरांनी वजनरहित अवस्थेत द्रवाचा थर तापवून पाहिला, तेव्हाही कप्पे उमटले. वर-खाली असा भेदच नव्हता, तरीही.

पिअर्सनच्या हिशेबाप्रमाणे कप्प्याची रुंदी थराच्या जाडीच्या साधारण तिप्पट यायला हवी. आमचे कप्पे तीन मिलिमीटरच्या जवळपास होते. थर पातळ होत गेला तसे कप्पे फुटून बारीक झाले. मग द्रावण दाटलं, प्रवाह संथ झाला आणि कडा होत्या तिथे थिजल्या.

पॉलिमरशिवाय नुसत्या टोल्यूइनमध्येही कप्पे पडतात, पण शेवटी काही उरत नाही. पॉलिमरमुळे द्रावणाची दाटी वाढत जाते, प्रवाह अडतो आणि त्या क्षणीचा नकाशा घट्ट होतो. म्हणून पॉलिमरच्या फिल्मकडे मी नोंदवही म्हणून पाहते.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. सुट्टी. घरी बसून पिएर-जिल द जेन यांचे दोन निबंध पुन्हा वाचले, २००१ आणि २००२ चे. १९९१ चं नोबेल मिळालेला हा भौतिकशास्त्रज्ञ उतारवयात वाळणाऱ्या फिल्मचा विचार करत होता, आणि तोही मोजक्या पानांत, साध्या गणिताने.

पहिल्या निबंधात ते म्हणतात, द्रावणात पृष्ठताण दोन कारणांनी बदलतो, तापमानाने आणि संहतीने. द्रावक उडालं की पृष्ठभागाशी पॉलिमर वाढतं. टोल्यूइनचा पृष्ठताण मीटरला २८ मिलिन्यूटनच्या आसपास, पॉलिस्टायरिनचा ४० च्या आसपास. त्यामुळे पॉलिमर जास्त तिथे ओढ जास्त. बहुतेक वेळा तापमानापेक्षा ही संहतीची ओढच प्रबळ ठरेल, असा त्यांचा निष्कर्ष आहे. 

दुसरा निबंध वरच्या कवचाबद्दल. द्रावक वेगाने उडालं तर खालून भर पोचण्याआधीच पृष्ठभागाजवळचं पॉलिमर घट्ट होतं. तापलेल्या दुधावर साय धरते आणि खाली दूध पातळच राहतं, तशी ही अवस्था. खालचं द्रावक सायीतून झिरपत बाहेर पडतं, आतला भाग आकसतो, आणि कवच ताणलं जातं किंवा सुरकुततं. ताण असह्य झाला की ते फाटतं. फिल्मच्या खडबडीतपणाचं एक मूळ इथे आहे.

२० जुलै, शनिवार

स्पिन कोटरवर दिवस गेला. सिलिकॉनच्या चकतीवर द्रावणाचा थेंब टाकायचा आणि चकती मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांनी फिरवायची. जादा द्रावण कडेने उडून जातं, उरलेलं वाळतं. वेग चौपट केला की जाडी साधारण निम्मी होते. सिलिकॉनवर फिल्मची जाडी रंगावरून ओळखता येते: थर वाळताना रंग भराभर बदलतात आणि एका रंगावर येऊन ठरतात. कधी कधी मध्यापासून कडेपर्यंत किरणांसारख्या रेघा उमटतात. त्यांच्या मुळाशीही पृष्ठताणाची तीच ओढाताण असते, फिरकीने बाहेरच्या बाजूला खेचलेली.

मग दोन पॉलिमर एकत्र घेतली, पॉलिस्टायरिन आणि ॲक्रिलिक, दोन्ही टोल्यूइनमध्ये. पातळ द्रावणात दोघं सुखाने नांदतात. द्रावक कमी झालं की त्यांचं पटत नाही आणि ती वेगळी होतात. तयार फिल्ममध्ये एकाची बेटं आणि दुसऱ्याचा समुद्र दिसतो. तेवढं पाहून कोणालाही वाटेल की बेटं जिथल्या तिथे तयार झाली असणार. शेफील्डच्या हेरियट आणि जोन्स यांनी चकती फिरत असतानाच तिच्यावर प्रकाश टाकून तो कसा विखुरतो हे मोजलं आणि २००५ मध्ये वेगळीच हकीकत सांगितली: फिल्म आधी एकावर एक अशा दोन थरांत विभागली जाते, मग त्या थरांमधला सांधा अस्थिर होऊन लाटा येतात, आणि त्या लाटा फुटून शेजारी-शेजारी बेटं होतात. वाळून झालेल्या फिल्मवरून ही मधली पायरी ओळखणं फार अवघड होतं. वाळताना पाहिलं म्हणून ती हाती लागली.

२३ जुलै, मंगळवार

थेंबाच्या कडेचं कडं. द्रावणाचा एक थेंब काचेवर ठेवून वाळू दिला तर पॉलिमर कडेला साचतं. कॉफीच्या डागाची कडा गडद का असते, याचा उलगडा शिकागो विद्यापीठातल्या डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये केला: थेंबाची कडा काचेला चिकटून राहते, कडेशी बाष्पीभवन वेगाने होतं, तिथली तूट भरायला आतून द्रव बाहेर वाहतं आणि विरघळलेलं सगळं सोबत नेतं.

इंकजेटने पॉलिमर छापणाऱ्यांना हे कडं नको असतं. पडद्यावरचा एकेक ठिपका सपाट हवा. उपाय म्हणजे द्रावकांचं मिश्रण: एक लवकर उडणारं, एक हळू उडणारं. कडेला हळू उडणारं उरतं. त्याचा पृष्ठताण जास्त असेल तर कडेकडे ओढ वाढते, कमी असेल तर उलटा प्रवाह सुरू होतो आणि पॉलिमर मध्याकडे परततं. जोडी निवडण्यातच कसब आहे. विद्यार्थिनी म्हणाली, "म्हणजे मिस्त्रीकाकांचंच थिनर, मॅडम." बरोबर बोलली.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर कोसळला. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. शाळा-कॉलेजं बंद. ओळखीच्यांना फोन केले, सगळे सुखरूप आहेत.

दुपारी एक गोष्ट विद्यार्थिनीसाठी लिहून काढली. २००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात यांग यांग यांच्या गटाने पॉलिमरचे सौर घट बनवले. पॉलिथायोफीन जातीचं पॉलिमर आणि कार्बनच्या फुलरीनचं एक संयुग यांचं मिश्रण, अशी ती फिल्म. त्यांनी ओली फिल्म सावकाश वाळू दिली. साखळ्यांना नीट रचून बसायला वेळ मिळाला, वीजभार वाहणं सुधारलं आणि कार्यक्षमता ४.४ टक्क्यांवर गेली, त्या काळी अशा घटांसाठी मोठी झेप. तेच पदार्थ भराभर वाळवले की घट उणा पडे. नवं रसायन शोधावं लागलं नाही, वाळण्याचा काळ हाताळला.

२७ जुलै, शनिवार

द्रावक पूर्ण गेल्यावरही फिल्म स्वस्थ बसेलच असं नाही. पॉलिस्टायरिन १०० अंशांच्या खाली काचेसारखं घट्ट असतं, वर नेलं की वाहू लागतं. आमची शंभरेक नॅनोमीटरहून पातळ फिल्म सिलिकॉनवर तापवली: आधी भोकं पडली, ती मोठी झाली, त्यांचे कठडे एकमेकांना भिडून बहुकोनांचं जाळं झालं, शेवटी जाळ्याच्या दोऱ्या तुटून थेंबांच्या ओळी उरल्या. गुंटर राइटर यांनी १९९२ मध्ये हा क्रम नोंदवला. हे का आणि किती अंतरावर घडतं याच्या सिद्धान्तात कानपूरच्या आयआयटीतले आशुतोष शर्मा यांचं काम जगात पहिल्या रांगेतलं आहे. त्यांच्या गटाने पुढे पाणी आणि सेंद्रिय द्रावकांच्या मिश्रणाखाली फिल्म ठेवून खोलीच्या तापमानालाच ती थेंबांत मोडायला लावली आणि सूक्ष्म भिंगांच्या रांगा मिळवल्या. फाटण्याच्या प्रवृत्तीतून त्यांनी उपयोगी वस्तू घडवली. आपल्याकडे झालेलं हे काम आपल्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकात भेटायला हवं.

३१ जुलै, बुधवार

आज प्रकल्पाचा नोंदतक्ता ठरवला. आजवर आमच्या वहीत फिल्मपुढे तीन गोष्टी असत: पॉलिमर, द्रावक, टक्केवारी. आता आणखी रकाने पाडले आहेत: हवेचं तापमान, आर्द्रता, त्यावरून काढलेला दवबिंदू, पृष्ठभागाचं सर्वांत खालचं तापमान, हवेच्या झोताचा वेग, ओल्या थराची जाडी, आणि वाळायला लागलेला वेळ. शेवटचा रकाना मोठा ठेवला, वाळताना काय दिसलं ते शब्दांत लिहायला.

हा आग्रह मला फार महत्त्वाचा वाटतो. कितीतरी शोधनिबंधांत फिल्म कशापासून केली हे तपशिलाने असतं आणि ती कुठल्या हवेत वाळली यावर अवाक्षर नसतं. मग दुसऱ्या गावातल्या मुलांना तीच कृती करून वेगळी फिल्म मिळते आणि ती बिचारी स्वतःच्या हाताला दोष देतात. दव, कप्पे, साय, कडं, बेटं: या महिन्यात पाहिलेल्या प्रत्येक नक्षीत पदार्थांइतकाच हवेचा आणि वेळेचा वाटा होता. तो लिहिला नाही तर कृती अर्धीच सांगितली.

एप्रिलमध्ये हीच द्रावणं याच टेबलावर, खोलीतल्या हवेत पुन्हा वाळवायची आहेत. अंदाज आत्ताच लिहून ठेवते म्हणजे नंतर मागेपुढे करता येणार नाही. दवबिंदू ७ अंशांजवळ असेल तेव्हा टोल्यूइनच्या फिल्म स्वच्छ येतील. पंप बंद असेल तर क्लोरोफॉर्मच्याही स्वच्छ येतील. जोराचा झोत सोडला तर क्लोरोफॉर्म दवबिंदूच्या काठावर जाईल, तिथे थोडी, विरळ भोकं दिसतील. सिल्व्हर पावडरचे कप्पे मात्र तसेच पडतील, कारण त्यांना हवेतल्या पाण्याची गरज नाही.